नाव घातलेला डबा

आमच्या भातगिरणीच्या ऑफिसात कुणी नंदाताईंचं नाव काढलं की मी कॉम्प्युटरकडे बघायला लागते. काम नसलं तरी माऊस हलवते. त्यांनी इथलं काम सोडून दीड वर्ष होत आलं, तरी नाव निघतंच. हमाल काढतात, टेम्पोवाला काढतो. पानशेतच्या हॉटेलांतून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई हायेत का?" मी म्हणते, "मी मनीषा बोलतेय." पलीकडून "बरं, बरं" येतं. त्या 'बरं'मध्ये जे असतं ते मला नीट ऐकू येतं.

त्यांच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. धाडस होत नव्हतं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझीही एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी अजून आईलासुद्धा सांगितलेली नाही.

मी वेल्ह्याकडची, गुंजवण्याची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. भोरला वसतिगृहात राहून बी.कॉम. करत होते. शेवटच्या वर्षाला सहा महिने कुठंतरी प्रत्यक्ष काम शिकायचं होतं. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणींनी ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला. मी मात्र भोरमधल्याच सरांच्या भातगिरणीत अर्ज केला. सर म्हणजे गिरणीच्या जुन्या मालकांचा मुलगा. पुण्यात मोठ्या कंपनीत मार्केटिंगची नोकरी करून परत आलेले. वडील लोकांचं भात भरडून द्यायचे. सरांनी तांदूळ विकत घेऊन, पाकिटावर डोंगराचं चित्र छापून, इंद्रायणी आणि आंबेमोहोर बाहेर विकायला सुरुवात केली होती. त्यांना दोन शिकाऊ मुली हव्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "सहा महिने शिका. शेवटी दोघींपैकी एकीला मी कायम ठेवणार."

एकीला. तो शब्द मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरले. नोकरी लागली तर भोरला राहायचं, नाहीतर घरी परत. शिकून घरी परतलेल्या मुलींचं पुढं काय होतं ते आमच्या आळीत मला दिसत होतं.

दुसरी मुलगी अजून आली नव्हती. अकरा वाजता दारात एक बाई आल्या. चाळिशीच्या जवळपास, पदर कमरेला खोचलेला, पायांवर धूळ, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलचे डबे वाजतायत. मला वाटलं तांदूळ निवडायला आल्यात. मी म्हणाले, "मावशी, निवडायच्या बायका मागच्या दाराला." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा. दहा मिनिटांनी सर त्यांना घेऊनच आत आले. "मनीषा, या नंदाताई. हिर्डोशीहून येतात. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतायत, दुसरं वर्ष. तुझ्या जोडीदार."

नंदाताई पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "बरं झालं मागं बी बघून आले. कोंडा लई उडतोय तिथं. त्या बायांच्या नाकाला फडकी पायजेत, सर."

दुसऱ्या दिवशी फडकी आली. मला त्या जागी काम करायचं होतं आणि मला मागचं दार फक्त दाखवता आलं होतं, एवढं मला त्याच दिवशी कळलं. पण कळलं म्हणून बरं वाटतं असं नाही.

सरांनी आम्हाला फिरत्या खुर्च्या दिल्या होत्या. मला ती खुर्ची इतकी आवडली की पहिल्या दिवशी मी डबा खायलाही उठले नाही. नंदाताईंनी आपल्या खुर्चीवर पिशवी ठेवली आणि स्वतः तांदळाच्या पोत्यावर बसल्या. शेवटपर्यंत तिथंच. "खाली बूड हललं की बोलणं बी हलतं," म्हणायच्या. दुपारी त्या पोत्यावर बसून विद्यापीठाचं पुस्तक मोठ्याने वाचायच्या, "विपणन म्हणजे..." आणि अडलं की मला विचारायच्या. मी समजावून सांगितलं की म्हणायच्या, "मने, तू काय भारी सांगतीस गं! मास्तरीण हो." मनीषाचं त्यांनी 'मनी' करून टाकलं होतं. त्यांनी केलेलं कौतुक कुठं ठेवावं ते मला कळायचं नाही. मी पुस्तकातलं सांगत होते. पुस्तकात नसलेलं सगळं त्यांच्याकडे होतं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. मी 'आपला ग्राहक कोण' असा एक तक्ता चार रंगांच्या पेनांनी केला होता आणि भिंतीवर लावत होते. नंदाताई भरलेली पाकिटं खोक्यात रचत होत्या. मध्येच थांबल्या. एक पाकीट हातात धरून म्हणाल्या, "सर, ह्ये हलकं लागतंय."

मशीनवरचा माणूस हसला. "ओ ताई, मशीन हाय ती. चुकत न्हाई."

"मशीन चुकत न्हाई. हात बी चुकत न्हाई. काट्यावर ठेवा की."

काट्यावर ठेवलं. कमी भरलं. दुसरं ठेवलं, तेही कमी. सकाळपासूनची सगळी पाकिटं फोडून पुन्हा भरावी लागली. सरांनी विचारलं, "हाताला कसं कळलं ताई?" त्या म्हणाल्या, "दुकानात काटा दुकानदाराचा असतोय. हात तेवढा आपला."

सर दिवसभर ते वाक्य ज्याला त्याला सांगत होते. माझा तक्ता त्यांनी बघावा म्हणून मी तीन वाजेपर्यंत वाट बघितली. मग स्वतःच काढला आणि घडी घालून दप्तरात ठेवला.

माझ्याकडे हॉटेलांची यादी कॉम्प्युटरमध्ये होती, अकरा रकाने करून. नाव, पत्ता, फोन, मालक, महिन्याची मागणी असं. नंदाताईंकडे मुलाची अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही. पुढं पानशेतच्या फेऱ्या सुरू झाल्यावर एकदा त्या नसताना मी ती उघडून बघितली. एका पानावर लिहिलं होतं: 'तळ्याकडंचं हाटेल. स्वयंपाक सून करते. शेगड्या दोन. गर्दी दीड ते तीन. सुनेचा हात भाजलाय, विचारायचं.' माझ्या अकरा रकान्यांत स्वयंपाक कोण करतं हा रकाना नव्हता. मी वही होती तशी मिटली. त्या संध्याकाळी बारावा रकाना घातला, पण त्यात काय भरायचं ते मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर पानशेतला पर्यटक वाढले तेव्हा सरांनी आम्हा दोघींना टेम्पोबरोबर तिकडे पाठवलं. हॉटेलांना नमुन्याची पाकिटं द्यायची आणि ऑर्डर मिळवायची. मी वसतिगृहात आरशासमोर वाक्यं पाठ केली होती. पाबे घाट उतरेपर्यंत मनात तीच म्हणत होते. पहिलं हॉटेल तळ्याकडचं. मालक गल्ल्यावर होते. मी सगळं न अडखळता बोलले. त्यांनी मोबाईलमधून वर न बघता बोटाने कोपरा दाखवला. "ठेवा तिथं." तिथं आधीच पाकिटांचा ढीग होता. मसाले, पापड, चहा पावडर, आणि दोन-तीन कंपन्यांचे तांदूळ. एकही फोडलेलं नव्हतं.

मागे वळून बघितलं तर नंदाताई नव्हत्या. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या. हॉटेलाच्या स्वयंपाकघरात कुणी चपला काढून जातं का? त्या जायच्या. आणि चपला काढून आलेल्या बाईला कुणी "बाहेर थांबा" म्हणत नाही, हे मी पुढं कितीदा तरी बघितलं. आत मालकाची सून भाताच्या पातेल्याशी उभी होती आणि नंदाताई तिच्याशेजारी.

"इंद्रायणी नको गं बाई," सून म्हणत होती. "बारा वाजता मऊसूत होतो, दोन वाजता गोळा. पुण्याची माणसं उलट्या चमच्यानं टोचून बघतात त्याला."

मला आमच्या पाकिटावरचे सगळे गुण पाठ होते. मी बोलायला तोंड उघडलं. नंदाताईंनी मागे न बघता हाताने मला थांबवलं.

"खरं हाय तुजं," त्या सुनेला म्हणाल्या. "ह्यो नवा हाय, आत्ता निघालेला. चिकटणारच. तुला गेल्या सालचा जुना पायजे. तो तीनपतुर मोकळा ऱ्हातो." मग पिशवीतून आपला एक डबा काढला. "ह्यात जुना हाय, आमच्या घरचा. रविवारच्या गर्दीत शिजवून बघ. डबा माझा हाय बरं का, लग्नातला. सवडीनं पाठवून दे टेम्पोत."

डब्यावर टिंबटिंबांनी नाव घातलेलं होतं: 'चि. सौ. कां. नंदा हिस मामाकडून'. त्या दिवशी त्यांनी असे पाच डबे पाच ठिकाणी ठेवले. परतताना टेम्पोत मी म्हणाले, "ताई, लग्नातली भांडी अशी अनोळखी माणसांकडं ठेवता? आणि सरांनी नमुन्याची पाकिटं दिलीयत की."

"पाकीट फेकून देता येतं. नाव घातलेला डबा कुनाला फेकवतोय?" त्या म्हणाल्या. "आन परत द्यायचा म्हंजे रिकामा कसा द्यायचा, मने? कायतरी घालूनच येनार."

मला हसू आलं होतं. आठवड्यात चार डबे परत आले. एकात चिंच, एकात वालाचे दाणे, एकात ओल्या हळदीचे दोन तुकडे. तळ्याकडच्या सुनेच्या डब्यात करवंदाचं लोणचं होतं आणि वर चिठ्ठी: 'ताई, भात तीन वाजेपर्यंत मोकळा राहिला. दर शनिवारी एक पोतं पाठवा, जुनाच.' पाचवा महिन्याने आला, पण आला.

सर खुर्चीतून उठले. "मनीषा, हे शिक. पुस्तकात याला वेगळं नाव आहे." आणि त्यांनी ते इंग्रजी नाव सांगितलं. मी वहीत उतरवून घेतलं. नंदाताईंनी करायचं आणि मी उतरवून घ्यायचं, अशी आमची वाटणीच पडून गेली. लोणचं त्यांनी सगळ्यांना वाटलं. मी नको म्हणाले. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. तसं ते खोटं नव्हतं.

मग मी माझी युक्ती काढली. सरांना म्हणाले, "ताईंचे डबे किती दिवस वापरायचे? कंपनीचे करू." सरांना पटलं. चकचकीत वीस डबे आणले. झाकणावर डोंगराचं चित्र, बाजूला मोबाईल नंबर, आत नमुना आणि दराचा कागद. मी स्वतः एकेक डबा पुसून टेम्पोत भरला. वेल्ह्यापासून पानशेतपर्यंत वीस ठिकाणी वाटले. आणि वाट बघत बसले.

एकही परत आला नाही.

तीन आठवड्यांनी मी एका ढाब्यावर गेले तर माझा डबा गल्ल्याजवळ होता. त्यात बडीशेप. मालक आनंदाने म्हणाले, "लई बेस डबा दिला तुमच्या कंपनीनं. आनखी हाय का? एकात खडीसाखर ठेवीन म्हनतो."

ऑफिसात सगळे हसले. सरसुद्धा. नंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी स्टँडकडे जाताना हळूच म्हणाल्या, "कंपनीनं दिलेलं कुनी परत देत न्हाई, मने. डब्यामागं मानूस दिसाया पायजे. तुज्या आईचा डबा नेऊन बघ एकांदा."

त्या चांगल्यासाठीच सांगत होत्या. मला मात्र चांगल्यासाठी सांगणाऱ्या माणसाचाच जास्त राग यायचा तेव्हा.

त्याच सुमाराला कधीतरी बोलण्यात निघालं की आमची भातखाचरं धरणात गेली आणि आता आई दुकानातला तांदूळ आणते. मी सहज बोलले होते. शुक्रवारी नंदाताईंनी माझ्यासमोर एक डबा ठेवला. "आमच्या खाचरातला आंबेमोहोर हाय. घरी चाललीस न्हवं? आईला दे."

शनिवारी चेलाडी फाट्यावर गाडी बदलून घरी पोचले. आईने झाकण काढलं, डबा नाकाजवळ नेला. मग म्हणाली, "आपल्या खालच्या खाचरात असाच यायचा." एवढंच. रविवारी भात शिजला तेव्हा शेजारची काकू दारात येऊन, "कुनाचं काय हाय गं आज?" असं विचारून गेली. आईने डब्यावरचं नाव मला वाचायला लावलं. "नंदा. मामानं दिलेला डबा पाटवला बग तिनं," म्हणाली. दुपारभर ती नाचणी भाजत बसली होती. सोमवारी पहाटे निघताना तोच डबा माझ्या हातात दिला, काठोकाठ नाचणीचे लाडू. "सांग त्यांना, गूळ जरा कमी पडलाय."

मी सरळ गिरणीत गेले. डबा पिशवीत होता. सर आम्हा दोघींची वाट बघत होते. पुण्याहून मोठ्या दुकानांचे खरेदी बघणारे लोक यायचे होते, पुढच्या महिन्यात. ही बैठक महत्त्वाची होती. तिच्यानंतरच सर कुणाला ठेवायचं ते ठरवणार होते. सर म्हणाले, "बोलतील नंदाताई. डब्यांची गोष्ट त्यांनीच सांगायची. मनीषा, तू पडद्यावर दाखवायची चित्रं तयार कर."

मी "हो सर" म्हणाले.

पुढचं मी विचार करून केलं असं मला म्हणता येत नाही, पण नकळत केलं असंही म्हणता येणार नाही. नंदाताई मागे बायकांकडे गेल्या होत्या. मी पिशवीतून डबा काढला. लाडू एकेक करून प्लास्टिकच्या पिशवीत घातले. डबा रुमालाने आतून पुसला, एक कणही राहू नये म्हणून. आणि झाकण लावून त्यांच्या पोत्याजवळ ठेवला. रिकामा.

त्या आल्या. "आला व्हय डबा?" म्हणत खाली वाकून उचलला. भरलेला असेल असं धरून उचलला होता, त्यामुळे हात जरा जास्तच वर गेला. तो हात मला अजून दिसतो. त्यांनी झाकण उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती.

"आई बरी हाय ना, मने?"

"हो."

"घरात सगळं ठीक?"

"हो ताई."

"बरं," म्हणाल्या आणि डबा पिशवीत ठेवला.

लाडू तीन दिवस माझ्या दप्तरात होते. मला खाववले नाहीत. शेवटी खोलीतल्या मुलींना दिले. त्यांनी आईचं कौतुक केलं. शनिवारी आईने विचारलं, "पोचलं का? काय म्हनल्या?" मी म्हणाले, "आवडले म्हणाल्या. गूळ बरोबर होता म्हणाल्या." आईला इतका आनंद झाला की मी जेवण अर्धवट सोडून भांडी घासायला बसले.

त्यानंतरही नंदाताई माझ्याशी पूर्वीसारख्याच होत्या. दुपारी पुस्तक वाचायच्या, अडलं की विचारायच्या. फक्त डबा पुन्हा कधी दिला नाही. मी त्यांच्या वागण्यात राग शोधायचे. राग सापडला असता तर हिशेब मिटला असता.

हिर्डोशीला मुक्कामाची एसटी जाते. संध्याकाळी भोरहून निघते, रात्री गावात राहते आणि सकाळी माणसं घेऊन परत येते. आदल्या संध्याकाळी ती आली नाही की दुसऱ्या सकाळी गाडी नाही. मग चालायचं, वाटेत काही मिळालं तर बसायचं. बैठक सोमवारी होती आणि रविवारी संध्याकाळी, नंदाताई सुट्टीला गावीच असताना, नेमकी ती आली नाही. नंदाताई उजाडायच्या आधी चालत निघाल्या होत्या. अर्ध्या वाटेवर दुधाचा टेम्पो मिळाला, तोही गावोगाव कॅन घेत घेत. गिरणीत पोचल्या तेव्हा दीड वाजला होता. पुण्याची माणसं एकला निघून गेली होती.

बैठकीत मीच बोलले. चित्रं माझीच होती, इंग्रजी शब्द माझ्या वहीतले होते. डब्यांची गोष्ट मी "आम्ही असं केलं" अशी सांगितली. लोकांना आवडली. एका दुकानाने त्याच दिवशी मागणी नोंदवली. नंदाताईंनी आल्या आल्या विचारलं, "झालं का? चांगलं झालं?" मी मान हलवली. "बरं झालं बाई," म्हणाल्या आणि पायांवर पाणी घ्यायला मागे गेल्या.

दोन दिवसांनी सरांनी मला एकटीला बोलावलं. "माझं ठरत नाहीये. नंदाताईंसारखं काम कुणाला जमणार नाही. तू काय म्हणतेस? सहा महिने बरोबर होतीस."

मला फार काही बोलावं लागलं नाही. मी म्हणाले, "त्यांचा एसटीचा प्रश्न आहे, सर."

हे खरं होतं. एक अक्षरही खोटं नव्हतं. तरी आयुष्यात मी बोललेल्या सगळ्या खोट्यांपेक्षा ते मला जड जातं.

मला ठेवलं. नंदाताईंना कळलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं झालं. तुला लई पुढं जायचंय." मग वहीची चार पानं फाडून मला दिली. कुठल्या हॉटेलात कोण स्वयंपाक करतं, कुणाला जुना लागतो, कुणाला नवा. "आन माजे दोन डबे पानशेतला राहिलेत," म्हणाल्या. "आले तर ठेव."

ते डबे आले. भरून आले. मी टेम्पोतून उतरवून घेतले, आणि ज्याच्यात जे होतं ते तसंच, झाकणही न उघडता, हिर्डोशीच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिले. मला वाटलं होतं, नोकरी मिळाल्यावर हेवा संपेल. संपला नाही. उलट आता त्यांच्या वाटेवरूनच रोज जावं लागतं. मीही स्वयंपाकघराच्या दाराशी चपला काढते. तळ्याकडची सून म्हणते, "तुमी बी ताईंसारखंच करता की." ती चांगल्या मनाने म्हणते.

नंदाताईंनी पुढं गावातल्या बायकांना जमवलं. त्यांच्या घरचा जुना तांदूळ वरंध घाटाच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना त्या देतात, असं ऐकते. डब्यांतूनच. बी.कॉम.ही झाल्या. पेढे सरांकडे पाठवले होते.

गेल्या महिन्यात मी घरी गेले तेव्हा आईला म्हणाले, "नाचणीचे लाडू करशील? नंदाताईंना द्यायचेत."

"मागच्या खेपंला आवडलं व्हतं न्हवं त्यांना?" आई खूश झाली. "गूळ तेवढाच घालते मग." घालायला डबा तिने स्वतःच्या लग्नातला काढला. त्यावर तिचं नाव आहे, कमल. मी म्हणाले, "हा नको, हरवला तर?"

"हरवतोय कशाला? डबा जातोय तिथनं येतोय."

बाजारच्या दिवशी नंदाताई भोरला येतात हे मला माहीत होतं. मी स्टँडवर गेले. हिर्डोशीची गाडी लागली होती. त्या खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर तीच कापडी पिशवी. मला बघून ओरडल्याच, "मने! किती वाळलीस गं! सर जेवू देत न्हाईत व्हय?"

मी खिडकीतून डबा वर केला. "आईने दिलाय."

त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. या वेळी हात जरा खाली गेला. त्यांनी तो तसाच तोलून बघितला, उघडला नाही. अंगठ्याने टिंबांवरून नाव वाचलं. "कमल. आई व्हय तुजी?"

"हो. ताई, त्या वेळी आईने..."

कंडक्टरने घंटा मारली. गाडी थरथरली. मला पुढचं वाक्य जुळवता येईना. किती दिवस पाठ केलं होतं, पानशेतच्या वाक्यांसारखंच.

नंदाताईंनी डबा पोटाशी धरला आणि खिडकीतून वाकून म्हणाल्या, "आईला सांग, दोन्ही खेपंचं पोचलं म्हनावं."

गाडी गेली. निरोप मी आईला जसाच्या तसा दिला. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. "पोचनारच की," म्हणाली.

मला मात्र, खरं सांगते, स्टँडवर उभं असतानाही त्यांचा हेवाच वाटला. असं बोलणं मला कधी सुचणार नाही म्हणून. आईचा डबा अजून परत आलेला नाही. सकाळी हिर्डोशीची गाडी लागली की मी रोज कंडक्टरला विचारून येते.